नाशिकची दोन पुस्तके आणि मोळीवाली म्हातारी

प्रभुवारची मिस्सा संपली की मंदिराच्या आवारात थोडा वेळ माणसे घुटमळतात. प्रकृतीची चौकशी होते, मुलामुलींच्या परीक्षांचा विषय निघतो, आणि चार वाचणारी माणसे एकत्र आली की एक प्रश्न हमखास येतो : "सध्या काय वाचता?" या प्रश्नाला मिळणारी उत्तरे आम्ही गेली काही वर्षे कान देऊन ऐकत आलो आहोत. कोणी 'मृत्युंजय' पुन्हा हाती घेतलेले असते. कोणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' रोज थोडे थोडे वाचत असतो. तरुण मंडळी यशस्वी कसे व्हावे हे सांगणाऱ्या अनुवादित पुस्तकांची नावे घेतात. आणि मुलांसाठी काय घ्यावे असे कोणी विचारलेच, तर न चुकता दोन नावे पुढे येतात : साने गुरुजींचे 'श्यामची आई' आणि लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'.

नाशिककरांनी ही दोन नावे घ्यावीत हे स्वाभाविकच आहे. दोन्ही पुस्तके आपल्या गावाशी बांधलेली आहेत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. पुस्तक प्रसिद्ध झाले १९३५ मध्ये. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा आणि मृत्यू १९३६ मध्ये नाशिकचाच. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि शेवटचा त्यांच्या मृत्यूनंतर. एकाच गावाच्या हवेत, एकदोन वर्षांच्या अंतराने, आठवणींची दोन पुस्तके सिद्ध झाली आणि नव्वद वर्षे मराठी घरांत टिकून राहिली. ज्या नगरीत सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे आणि जिथे कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणत पुस्तकांच्या पेट्या घरोघरी पोहोचवल्या, त्या नगरीला या दोन पुस्तकांचा अभिमान वाटणारच.

आमचा प्रश्न त्या पुढचा आहे. पुस्तकाची शिफारस करतो तेव्हा आपण नेमके काय करतो? पुस्तक वाचून आपल्यात काय हलले ते सांगतो, की पुस्तकावर पूर्वीच चिकटवलेली एक चिठ्ठी वाचून दाखवतो? आमच्या ऐकण्यात जे येते त्यावरून वाटते की चिठ्ठीच जास्त वाचली जाते. 'श्यामची आई' म्हणजे संस्कार. 'स्मृतिचित्रे' म्हणजे विनोद. पहिले पुस्तक प्रथम कम्युनियनच्या दिवशी मुलाला भेट म्हणून दिले जाते. दुसऱ्यातले टिळकांच्या विसराळूपणाचे किस्से पंगतीत सांगितले जातात. दोन्ही पुस्तकांचा आदर होतो. ती उघडली जातात किती, हा भाग वेगळा.

चिठ्ठी खोटी असते असे नव्हे. 'श्यामची आई'त संस्कार आहेतच. पाय घाण होऊ नयेत म्हणून जपतोस तसे मनही जप, हे आईने सांगितलेले सर्वांच्या स्मरणात आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने, ज्याला पुढल्या वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, ही प्रतिमा अधिकच घट्ट केली. परंतु मूळ बेचाळीस रात्री सलग वाचणाऱ्याला दुसरेच पुस्तक भेटते. त्यात पोहण्याच्या भीतीने लपून बसलेला मुलगा आहे आणि त्याला फोकाने बडवून पाण्याकडे धाडणारी आई आहे. त्यात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाचे अपमानाचे बोल आहेत, हातचे जाणारे घर आहे, आणि शेवटच्या घटकेला आईजवळ नसलेला मुलगा आहे. दारिद्र्याने घरातल्या माणसांच्या स्वाभिमानाचे काय होते याचे इतके उघडे चित्रण मराठीत फार थोड्या पुस्तकांत असेल. संस्काराची गोळी म्हणून हे पुस्तक मुलाच्या हाती देणारे आईबाप ते स्वतः पुन्हा वाचतील, तर त्यांना हप्ते, तारण आणि घरातले दबक्या आवाजातले बोलणे यांची आठवण होईल. ते पुस्तक मोठ्यांसाठीही आहे.

'स्मृतिचित्रे'चेही तसेच. विनोद त्यात ओसंडून वाहतो. सोवळ्याच्या वेडापायी किराणाही धुऊन घेणारे वडील, बाजाराला म्हणून गेलेले आणि भलतेच काही करून परतलेले पती, अशी माणसे लक्ष्मीबाईंनी एकाही कडवट शब्दावाचून उभी केली. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या या बाईंनी बोलतो तसे लिहिले, आणि मराठी गद्याला एक नवी चाल मिळाली. पण हसत हसत वाचणारा वाचक एका जागी थांबतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाल्याची वार्ता येते आणि घरातला पुरुष जिवंत असताना घरावर सुतक पसरते. त्यानंतरच्या वर्षांत राग आहे, विरह आहे, नातलगांचा धाक आहे, लहान मुलाला घेऊन काढलेले दिवस आहेत. पुढे त्या पतीकडे राहायला गेल्या तेव्हाही आपले सोवळे आणि आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. पाच वर्षे! कोणी त्यांना ओढले नाही, त्याही आंधळेपणाने गेल्या नाहीत. श्रद्धा किती सावकाश येते आणि वाटेत घरादाराला काय किंमत मोजावी लागते, याचा हा दस्तऐवज आहे. आज आपल्या धर्मग्रामातही पतीचा धर्म एक आणि पत्नीचा दुसरा अशी घरे आहेत. मुलीने वेगळ्या धर्मात लग्न ठरवले म्हणून अबोला धरलेली घरे आहेत. त्यांना हे पुस्तक विनोदी म्हणून सुचवणे म्हणजे आजाऱ्याला औषधाच्या बाटलीचा रंग तेवढा वर्णन करून सांगणे होय.

लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट होत्या, मग कॅथलिक घरात त्यांची शिफारस कशाला, अशीही शंका कोणी काढतो. तिला उत्तर देण्यात आम्ही फार शब्द खर्चणार नाही. ज्या प्रभूचा शोध त्यांनी घेतला तोच आपलाही आहे.

आता या दोन पुस्तकांतल्या अशा दोन जागांकडे वळू, ज्यांची शिफारस कोणी करत नाही.

'श्यामची आई'त एका रात्री मोळीची गोष्ट येते. महार समाजातली एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडते. ती उचलून तिच्या डोक्यावर देणार कोण? शिवाशिवीच्या त्या काळात कोणी पुढे होत नाही. श्यामची आई मुलाला सांगते, जा, तिला हात दे, आणि घरी येऊन स्नान कर. श्याम जातो, मोळी उचलून देतो, लोक नावे ठेवतात, आणि तो घरी येऊन आंघोळ करतो. देवाला सगळीच माणसे प्रिय आहेत हा त्या रात्रीचा बोध.

आम्हाला या प्रसंगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे आंघोळ. तुरुंगात बसून लिहिणारे साने गुरुजी १९३३ पर्यंत कितीतरी पुढे गेलेले होते. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. अशा लेखकाला ती आंघोळ गाळून टाकणे सोपे होते. आई अधिक थोर दिसली असती. त्यांनी ती गाळली नाही. आईची दया खरी होती आणि तिची मर्यादाही खरी होती, हे दोन्ही त्यांनी एकाच वाक्याच्या अंतरावर ठेवले. दुय्यम लेखकाच्या हातून हे झाले नसते.

लक्ष्मीबाईंचा प्रामाणिकपणा त्याच जातीचा. जातिभेद देवाने केला की माणसाने, असा विचार करता करता तो माणसाचा आहे या निष्कर्षाला त्या आल्या आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा निश्चय त्यांनी केला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हा निश्चय त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. आधी जात सुटली, मग पाण्याचा संस्कार झाला. आणि त्याच्याही आधी आपण सोवळे किती कसोशीने पाळत होतो, तेही त्यांनी लपवलेले नाही.

दोन्ही लेखकांची ही थोरवी मान्य करून आता आम्हाला जे म्हणायचे आहे ते म्हणतो. त्या दोन्ही जागी आणखी एक व्यक्ती उभी आहे. एके ठिकाणी तिच्या डोक्यावर मोळी आहे. दुसऱ्या ठिकाणी, ज्याच्या हातचे पाणी आता प्यायचे ठरले, तो हात तिचा आहे. मोळी डोक्यावर आल्यावर ती म्हातारी घरी गेली. घरी जाऊन ती सुनेला काय म्हणाली? मुलगा भला होता म्हणाली, की आता तो घरी जाऊन आंघोळ करील म्हणाली? ते 'श्यामची आई'त नाही. असायलाच हवे होते असेही नाही. ते पुस्तक श्यामचे आहे. लक्ष्मीबाईंचे पुस्तक लक्ष्मीबाईंचे आहे. लेखकाने जे लिहायला घेतले नाही त्याबद्दल त्याला दोष देणे ही चांगली समीक्षा नव्हे. परंतु वाचकाने मात्र विचारावे.

विशेषतः आपल्यासारख्या वाचकांनी. आपल्या धर्मग्रामात वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची कुटुंबे आहेत, तशीच मोठ्या संख्येने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेली कुटुंबे आहेत. कोणाचे आजोबा नाशिकरोडच्या छापखान्यात लागले, कोणाचे वडील ओझरला, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनऱ्यांनी त्या जिल्ह्यातल्या खेड्यांत शुभवर्तमान नेले तेव्हा ते स्वीकारणारे बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे होते. तेव्हा आपल्या घरातली दहा वर्षांची मुलगी कम्युनियनच्या भेटीतले 'श्यामची आई' उघडते आणि मोळीच्या रात्रीपाशी येते, तेव्हा तिने कोठे उभे राहायचे? भेट देणारे गृहीत धरतात की ती श्यामजवळ उभी राहील. वस्तुतः मोळीवाली म्हातारी तिची पणजी असण्याचा संभव अधिक. हे तिला कोणी सांगत नाही. शिफारस करणाऱ्याने ते सांगायला हवे, आणि ते पान तिच्याबरोबर बसून वाचायला हवे.

दोन्ही पुस्तके लिहिली जात असताना नाशकात काय चालले होते याचीही आठवण ठेवावी. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढची वर्षे नेटाने चालवला. १९३५ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे साने गुरुजी तुरुंगात मोळीची गोष्ट लिहीत होते आणि लक्ष्मीबाई आपल्या सोवळ्याच्या आठवणी जुळवत होत्या, त्याच वर्षांत ती मोळीवाली म्हातारी मंदिराच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. पुस्तकांत ती बोलली नसेल. गावात ती बोलू लागली होती.

इथे शुभवर्तमानातल्या एका विहिरीची आठवण होणे साहजिक आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी माणसाने शोमरोनी बाईच्या हातचे पाणी मागावे याचे तिलाच नवल वाटते आणि ती ते तोंडावर बोलून दाखवते. धर्मशास्त्राचा विद्यार्थी असल्यापासून हा उतारा आम्ही अनेकदा अभ्यासला आहे. समीक्षक म्हणून पाहताना त्यातली एक गोष्ट विशेष जाणवते. योहान त्या बाईला बोलू देतो. ती प्रश्न विचारते, हुज्जत घालते, आपल्या पूर्वजांचा दाखला देते. मग घागर तिथेच टाकून ती गावात जाते आणि लोकांना म्हणते की येऊन पाहा. आणि पुढे गावकरी तिला सांगतात की आता आमचा विश्वास तुझ्या सांगण्यावर नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. शिफारस कशी असावी याचा याहून चांगला नमुना आम्हाला सापडलेला नाही. ती बाई आपल्याला काय झाले ते सांगते, लोकांना त्या जागी नेते, आणि मग तिच्या शब्दाची गरज उरत नाही.

मराठीत मोळीवाल्या म्हातारीची लेक पुढे बोलली आहे. १९८६ मध्ये शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपाने आले आणि त्याच वर्षी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. शांताबाई शिक्षिका होत्या. बेबीताई फलटणला छोटे दुकान चालवत. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचता वाचता त्यांचे वाचन वाढले, आणि आपले लिखाण त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. त्याआधी १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले होते. आणि 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३ चा कथासंग्रह लिहिणारे बाबुराव बागूल तर याच नाशकात राहिले. तेव्हा आमची शिफारस अशी : 'श्यामची आई' आणि 'स्मृतिचित्रे' जरूर द्या, पण त्यांच्या शेजारी 'जिणं आमुचं' आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' ठेवा. चारही पुस्तके आठवणींची आहेत, चारही घरगुती भाषेत बोलतात. पहिल्या दोहोंत पाणी घेणाऱ्याचे मन कळते, पुढल्या दोहोंत विहिरीपासून दूर उभे केलेल्याचे. बेबीताईंच्या पुस्तकातली भूक आणि वस्तीतल्या सासुरवाशिणींचे हाल वाचवत नाहीत हे खरे. आपल्याच समाजातल्या पुरुषांनी बायकांवर केलेला जुलूमही त्या झाकत नाहीत. साने गुरुजींची आंघोळ आणि बेबीताईंची ही स्पष्टोक्ती एकाच कुळातली आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, ही पुस्तके आपली नाहीत. त्यांतल्या माणसांनी बाबासाहेबांची वाट धरली, आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ताची. वाटा वेगळ्या झाल्या, पण निघालेले दार एकच होते. दाराच्या आतले जीवन कसे होते हे आपल्या मुलांना ज्या पुस्तकांतून कळेल ती आपलीच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ख्रिस्तसभा एक शरीर आहे, तिथे यहुदी नाही आणि ग्रीक नाही असे संत पौलाने गलतीकरांना शिकवले, मग जुनी जात उकरायची कशाला? त्याच नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आहे. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते अशी तक्रार आली आणि प्रेषितांच्या सांगण्यावरून त्यासाठी सात जण निवडले गेले. ती तक्रार पुसून टाकणे शक्य होते. पवित्र शास्त्राने ती जपून ठेवली. एकीला तक्रारीच्या नोंदीने धोका नसतो. न नोंदलेल्या तक्रारीने असतो.

राहिले एक पुस्तक, जे सुचवावेसे वाटते आणि आमच्या धर्मग्रामाच्या कपाटात नाही. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या कॅथलिक आजीने सांगितलेली तिची कहाणी. गावकुसाबाहेरच्या वस्तीत पहिले फादर आले तेव्हा काय झाले, बाप्तिस्म्यानंतर गावाने पाणी भरू दिले की नाही, मिशनच्या शाळेत पाटीवर पहिले अक्षर कसे उमटले, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाताना कोणती गाणी म्हटली, शहरात आल्यावर आडनाव ऐकून घरमालकाचा चेहरा कसा बदलला. हे सगळे आपल्या घरांत बोलले जाते, दफनविधीनंतरच्या रात्री तर हमखास. सकाळी ते विरून जाते.

संत इग्नाती १५२१ मध्ये जखमी होऊन लोयोलाच्या घरी पडून होता. त्याला शूर सरदारांच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात त्या नव्हत्या. ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या होत्या, म्हणून त्याने त्या वाचल्या. घरातल्या फडताळात जे असेल त्याच्यावरच मोकळ्या वेळी हात पडतो, एवढा बोध त्यातून घेतला तरी पुरे. आपल्या फडताळात आज नोव्हेनांच्या पुस्तिका आहेत, शाळेची पुस्तके आहेत, कोणाकडे 'श्यामची आई' आहे. आजीची वही नाही.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. पुस्तक सुचवाल तेव्हा त्याच्यावरची चिठ्ठी वाचून दाखवू नका. आपण ज्या पानाशी थांबलात त्या पानाचा आकडा सांगा. आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात पुस्तक परत करताना नोंदवहीत तो आकडा लिहिण्यासाठी एक रकाना आखून ठेवला आहे. दुसरी विनंती, घरात ऐंशीच्या पुढचे कोणी असेल तर येत्या सुटीत नातवंडाला दोनशे पानी वही देऊन त्यांच्याजवळ बसवा. भाषा सुधारू नका. त्यांनी 'व्हतं' म्हटले तर 'व्हतं'च लिहा, आणि एखादी गोष्ट सांगून त्या गप्प बसल्या तर तिथे ओळ मोकळी सोडा. वही भरली की मंदिराच्या कार्यालयात आणून द्या. आम्ही ती वाचू, आणि परवानगी असेल तर पुढल्या वाचकाला सुचवू.